डॉक्टर बदलला, की लेखक?

तुमचा प्रश्न मी असा समजतो. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा-मालिका. तिचा कालप्रवासी नायक, ‘डॉक्टर’, मरायला टेकला की नवे शरीर घेतो, म्हणून नट बदलत राहतात. तिचे २००५ नंतरचे पहिले सात सीझन तुम्ही पाहिलेत. डेव्हिड टेनंट तुम्हांला सर्वांत आवडला, मॅट स्मिथ दुसरा आणि ख्रिस्तोफर एकल्स्टन तिसरा. आठव्या सीझनपासून पीटर कपाल्डी आला आणि चार भागांतच तो रुक्ष आणि तुसडा वाटू लागला. तेव्हा त्याचे तिन्ही सीझन गाळून थेट त्याच्यानंतरची डॉक्टर, अभिनेत्री जोडी व्हिटेकर, हिच्यापासून पुढे जावे का, आणि एकूण सर्वोत्तम डॉक्टर कोणता, हे तुम्हांला हवे आहे. पहिल्याचे उत्तर एवढेच की गाळू नका. दुसऱ्याकडे वळण्यापूर्वी तुमच्या क्रमवारीतली एक गफलत दाखवणे भाग आहे, आणि ती मी अधिकाराने दाखवू शकतो, कारण काही वर्षे मीही तीच करत होतो.

आपण इंदूरची मराठी माणसे ‘सानंद’ संस्थेच्या नाट्यप्रयोगाहून घरी परतेपर्यंत नटांची तुलना करत असतो, त्यामुळे उदाहरण नाटकाचेच घेतो. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये आले तेव्हा गणपतराव बेलवलकर श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भटांनी आणि सतीश दुभाषींनी तीच भूमिका केली. आमच्या रामबागेतल्या घरी लागू श्रेष्ठ की भट यावरून आजोबांचे आणि थोरल्या काकांचे दर दिवाळीला वाजायचे, फराळाची ताटे तशीच राहायची. पण त्या वादाला एक आधार होता. शिरवाडकरांची संहिता तीच होती, स्वगते तीच होती. कोण कुठे थांबतो, कोणाचा आवाज कुठे फाटतो, एवढाच फरक मोजायचा होता. ‘डॉक्टर हू’मध्ये नट बदलतो तेव्हा पुष्कळदा लेखक, निर्माता आणि मालिकेचा सगळा स्वभावच त्याच्याबरोबर बदलतो, आणि आपण मात्र साऱ्याचे श्रेय किंवा खापर समोर दिसणाऱ्या चेहऱ्यावर टाकून मोकळे होतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा जुन्या, म्हणजे २००५ पूर्वीच्या मालिकेत आहे. चौथा डॉक्टर टॉम बेकर याने १९७४ ते १९८१ असे सलग सात सीझन डॉक्टर केला. पडद्यावर इतके सलग सीझन दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाहीत. सुरुवातीची तीनेक वर्षे फिलिप हिंचक्लिफ निर्माता आणि रॉबर्ट होम्स संहिता-संपादक होता, आणि त्या काळातला बेकर अंधाऱ्या भयकथेत वावरतो. १९७५ च्या ‘जेनेसिस ऑफ द डॅलेक्स’मध्ये त्याच्या हातात दोन तारा असतात. त्या एकमेकींना टेकवल्या की डॅलेकांची, म्हणजे त्याच्या कट्टर वैऱ्यांची, जात जन्मापूर्वीच संपेल. तो त्या जवळ आणतो, थबकतो आणि आपल्याला हा अधिकार आहे का, असे सोबत्यांना विचारतो. त्यानंतर ग्रॅहम विल्यम्स निर्माता झाला, काही काळ डग्लस अ‍ॅडम्स संहिता पाहू लागला, आणि हाच बेकर १९७९ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर मिस्कीलपणे भटकू लागला. शेवटच्या वर्षी जॉन नेथन-टर्नरकडे सूत्रे गेली आणि तो एकाएकी थकलेला, गंभीर दिसू लागला. माणूस एकच, स्कार्फ तेवढाच लांब, आणि तरी हे तीन वेगळे डॉक्टर आहेत. तेव्हा चौथा डॉक्टर कसा होता, असे कोणी विचारले की मी आधी साल विचारतो.

याच्या उलट टोकाला सहावा डॉक्टर कॉलिन बेकर आहे, ज्याला बहुतेक याद्यांत तळाशी टाकण्याची रीतच पडली आहे. १९८४ मध्ये पहिल्याच कथेत त्याला आपल्या सहप्रवासिनीचा गळा आवळायला लावले, अंगावर डोळे दुखवणारा रंगीबेरंगी कोट चढवला, १९८५ मध्ये मालिका दीड वर्षासाठी थांबवली आणि १९८६ ची, डॉक्टरवरच्या खटल्याची चौदा भागांची कथा आटोपताच त्याला काढून टाकले. १९९९ पासून बिग फिनिश या कंपनीच्या ध्वनिनाटकांत त्याने हीच भूमिका पुन्हा केली, तेव्हा त्याला नावे ठेवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे मत पालटले, माझेही. नट तोच आणि आवाजही तोच. संहिता सुधारली, आणि कोट दिसेनासा झाला, ही सोयही झाली. दुसरा डॉक्टर पॅट्रिक ट्रॉटन याचा तर निवाडाच करता येत नाही. बीबीसीने त्या काळच्या पुष्कळ टेपा पुसून टाकल्या, आणि त्याच्या पहिल्या कथेचे सहाही भाग नाहीसे झाले. घरबसल्या चाहत्यांनी टीव्हीवरून आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला होता म्हणून ती कथा निदान ऐकता येते, आणि त्या आवाजावर २०१६ मध्ये तिची अ‍ॅनिमेशन आवृत्ती निघाली.

मग न्याय्य तुलना होतच नाही का? होते, पण जिथे लेखक स्थिर आणि नट वेगळा अशी जागा सापडेल तिथेच. अशी सर्वांत चांगली जागा तुम्ही पाहून झालेली आहे. नोव्हेंबर २०१३ च्या पन्नास वर्षांच्या विशेष भागात टेनंट, स्मिथ आणि जॉन हर्ट हे तिन्ही डॉक्टर लंडन टॉवरच्या कोठडीत अडकतात. लेखक एकच, स्टीव्हन मोफॅट. प्रसंग एकच आणि प्रश्नही एकच. गॅलिफ्रेवर, म्हणजे युद्ध संपवण्यासाठी डॉक्टरने जाळलेल्या त्याच्याच ग्रहावर, त्या दिवशी किती मुले होती, हे कधी मोजलेत का, असे हर्ट विचारतो. स्मिथ भिंतीवर आकडे कोरत असतो. कल्पना नाही, असे म्हणून तो विषय उडवून लावतो. टेनंट मात्र आकडा सांगतो, २.४७ अब्ज, आणि त्याच दमात स्मिथवर उखडतो: विसरायला चारशे वर्षे पुरली का? इथे टेनंटचे काम सोपे आहे, असे मी मुद्दाम म्हणतो. राग आणि पश्चात्ताप हा त्याचा हातखंडा आहे. स्मिथला मात्र न आठवल्याचा बहाणा करायचा आहे, आणि तो बहाणा आहे हे आपल्याला कळूही द्यायचे आहे. ज्याला आपण तीन सीझन मोठा झालेला पोर समजत होतो तोच त्या दोघांत वयाने मोठा आहे, हे त्या पडलेल्या आवाजात पहिल्यांदा नीट ऐकू येते. तो प्रसंग पुन्हा पाहून तुमची क्रमवारी तपासा. माझी तिथेच बदलली. (जाता जाता, टेनंट हा पाचवा डॉक्टर पीटर डेव्हिसनचा खऱ्या आयुष्यातला जावई आहे, तेव्हा या घराण्यात तुलनेचा त्रास जेवणाच्या टेबलावरही होत असणार.)

आता कपाल्डी. स्मिथचे तीन आणि कपाल्डीचे तीन अशा सहाही सीझनची सूत्रे मोफॅटकडे होती, म्हणजे इथेही तुलना बरीचशी नटांचीच होते. तुम्हांला जाणवलेला रुक्षपणा खरा आहे, पण तो चुकून आलेला नाही, लिहून आणलेला आहे. मॅट स्मिथ निवडला गेला तेव्हा २६ वर्षांचा होता आणि कपाल्डी ५५. १९६३ मध्ये पहिला डॉक्टर झालेला विल्यम हार्टनेलही ५५ चाच होता. तरुण, गोड डॉक्टरची सवय लागलेल्या प्रेक्षकाला हा म्हातारा खुपणार, हे मोफॅट पुरते ओळखून होता. म्हणूनच आठव्या सीझनच्या पहिल्या भागाच्या शेवटी जुना डॉक्टर, म्हणजे स्मिथ, सहप्रवासिनी क्लाराला फोन करतो, आणि फोन संपल्यावर कपाल्डी तिला म्हणतो की तू माझ्याकडे बघतेस, पण मी तुला दिसतच नाही. तो क्लाराशी बोलतो खरा, पण मला विचाराल तर ते तुमच्याशी आणि माझ्याशीच आहे. तुम्ही चार भागांतच कंटाळलात, मी तर तीन महिने मालिकाच बंद केली होती.

त्या सीझनची बाजू मी सरसकट घेणार नाही. त्यातल्या एका भागात चंद्र हे अंडे निघते, ते फुटते आणि बाहेर आलेला जीव लगेच तेवढेच दुसरे अंडे घालून निघून जातो. विज्ञानकथेला एवढी सूट द्यायची तर मग विज्ञान हा शब्द पुसून टाकावा. पण नवव्या सीझनमधला ‘हेवन सेंट’ (२०१५) पाहिल्याशिवाय कपाल्डीवर मत देणे मला गैर वाटते. जवळपास पूर्ण भाग तो एकटा आहे: समुद्रातला एक किल्ला, मागावर असलेला एक संथ जीव, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर हिऱ्याहून कितीतरी पट कठीण अशी भिंत. तो त्या भिंतीला मूठ मारतो, पुन्हा मारतो, मरायला टेकतो, पायऱ्यांवरून स्वतःला फरफटत वर नेतो आणि नव्याने सुरुवात करतो. असे साडेचार अब्ज वर्षे. हे सगळे वाढत्या वेगाच्या आवर्तनांत दाखवले आहे आणि हिऱ्याच्या डोंगरावर चोच घासणाऱ्या पक्ष्याची गोष्ट दर आवर्तनात थोडी पुढे सरकते, विलंबित ख्याल हळूहळू द्रुतात जावा तशी. त्या वेळी कपाल्डीचा आवाज बघा: वाक्य तेच असते, पण प्रत्येक वेळी त्यात थोडा दम कमी आणि हट्ट जास्त असतो. स्मिथ माझा आवडता आहे, तरी हा भाग त्याला पेलला असता असे मला वाटत नाही.

व्हिटेकरबद्दल थोडक्यात. २०१८ पासून सूत्रे ख्रिस चिबनॉलकडे गेली आणि सीझन म्हणून ती वर्षे मला कच्ची वाटतात, पण दोष तिच्या माथी मारू नका. विनय पटेल यांनी लिहिलेला १९४७ च्या फाळणीवरचा भाग पाहा. चित्रीकरण स्पेनमध्ये झाल्याने तो पंजाब आपल्या डोळ्यांना पंजाब वाटत नाही, हे खरे. डॉक्टर नव्याने आखलेल्या सीमेवरच एका हिंदू मुलाचे आणि मुस्लिम मुलीचे लग्न लावते, पण पुढे काय घडणार हे ठाऊक असूनही ते थांबवू शकत नाही. ती पाठ फिरवून चालत राहते आणि मागून गोळीचा आवाज येतो. त्या क्षणी तिने काहीही केलेले नाही, आणि तेच अवघड होते. आमचे शेजारी सिंधी आहेत, त्यांचे वडील तिकडून आलेले. हा भाग त्यांनी आमच्याकडे बसून पाहिला आणि संपताच काही न बोलता गच्चीवर निघून गेले.

माझे मत विचारलेच आहे तर देतो. सीझन म्हणून २००८ चा चौथा, कारण त्यात कॅथरीन टेटने केलेली सहप्रवासिनी डॉना आहे आणि सहसा बोलूनच सुटणाऱ्या डॉक्टरचा आवाजच हिरावून घेणारा ‘मिडनाइट’ हा भाग आहे. नट म्हणून कपाल्डी, आणि त्याच्यानंतर काही अंतरावर स्मिथ. एकल्स्टनला एकच सीझन मिळाला, १३ भागांचा, म्हणून त्याला क्रमांक द्यायला माझा हात धजत नाही.

आठव्या सीझनमधला अंड्याचा भाग तेवढा खुशाल गाळा, बाकी क्रमानेच पाहा, आणि ‘हेवन सेंट’च्या आधीचा भाग चुकवू नका, नाहीतर तो किल्ल्यात कशासाठी झुरतो आहे ते कळणार नाही. टॉम बेकरच्या पहिल्या तीन वर्षांच्या डीव्हीडी माझ्याकडे आहेत. रामबागेकडे आलात तर घेऊन जा. ‘जेनेसिस’च्या डिस्कवर एक ओरखडा आहे, चौथ्या भागात चित्र अडकले तर काढून पुसून पुन्हा लावावी लागते.