नाशिकमध्ये राहून गोल्फ शिकतोय. प्रोकडे, म्हणजे व्यावसायिक गोल्फरकडे, शिकवणी लावावी की व्हिडिओ बघून भागेल?

तुम्ही लिहिलंय की वय बेचाळीस, नोकरी अंबडला, ऑफिसातल्या दोघा-तिघांबरोबर अधूनमधून खेळता, चेंडू सारखा उजवीकडे वळतो, व्हिडिओ बघून फरक पडत नाही आणि प्रोची फी जड वाटते. माझं मत सांगते: शिकवणी लावा आणि आत्ताच लावा. फक्त दोन शिकवण्यांच्या मधल्या दिवसांत सरावाला वेळ काढता येणार असेल तरच. नुसतं सरांसमोर उभं राहून चेंडू मारायचे आणि पुढच्या वेळेपर्यंत क्लबला, म्हणजे गोल्फच्या काठीला, हात लावायचा नाही, असं होणार असेल तर पैसे वाचवा.

आत्ताच का, तर चुकीचा हात एकदा बसला की तो मोडायला नवीन शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तुमच्या स्लाइसचंच, म्हणजे चेंडू उजवीकडे वळण्याचंच बघा. चेंडू निघतो साधारण क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, ज्या दिशेला असेल तिकडे, आणि हवेत वळतो तो क्लबफेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल, क्लब बाहेरून आत, म्हणजे डावीकडे ओढला जात असेल आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला असेल, तर चेंडू उजवीकडे पळणारच. मग माणूस काय करतो? चेंडू उजवीकडे जातोय ना, म्हणून पाय आणि खांदे थोडे डावीकडे वळवून उभा राहतो. त्याने क्लब आणखी डावीकडे ओढला जातो, फरक वाढतो, चेंडू आणखी वळतो. तो वळला की माणूस अजून डावीकडे सरकतो. एकट्याने सराव करणारा या चक्रात वर्षानुवर्षं फिरत राहू शकतो, आणि मेहनत जितकी जास्त तितकी खोड पक्की.

व्हिडिओ काही खोटे नसतात. एक जण ग्रिप (क्लबवरची पकड) बदला म्हणतो, दुसरा खांद्यांचं सांगतो, तिसरा चेंडू फार पुढे ठेवू नका म्हणतो. तिघांचंही बरोबर असतं. पण तुमचं नेमकं काय बिघडलंय हे त्यांना दिसत नाही, आणि तुम्हालाही दिसत नाही. अंगाला जे जाणवतं आणि प्रत्यक्षात जे घडतं त्यात गोल्फमध्ये खूप अंतर पडतं.

माझ्या पहिल्या दिवशी सरांनी बराच वेळ मला नुसतं मारू दिलं, एक शब्द बोलले नाहीत. मग ते चेंडूकडे न बघता जमिनीकडे आले. गवताचा तुकडा उडून जी खूण पडली होती ती लक्ष्याच्या बरीच डावीकडे रोखलेली होती. त्या खुणेवर त्यांनी एक क्लब ठेवला, दुसरा माझ्या बुटांच्या टोकांशी ठेवला आणि मला मागे येऊन बघायला सांगितलं. माझ्या मते मी सरळ उभी होते. ते दोन क्लब बघितल्यावर वादाला जागाच उरली नाही. नंतर ग्रिप. डाव्या हाताकडे वरून बघितलं तर बोटांचा एकच सांधा दिसत होता. त्यांनी हात किंचित उजवीकडे फिरवला, तेव्हा दोन दिसायला लागले. एवढाच बदल, पण क्लब परक्याचा वाटायला लागला आणि पुढचे कितीतरी चेंडू आधीपेक्षा वाईट लागले. तसं होणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. हे तुम्हालाही सांगून ठेवते, कारण बरेच लोक नेमके याच टप्प्यावर शिकवणी सोडतात.

न शिकता मोठे झालेले खेळाडू आहेतच, कोणीतरी खाली तसं लिहीलही. अमेरिकेच्या बबा वॉटसनने रीतसर शिकवणी न घेता २०१२ आणि २०१४ची मास्टर्स ही गोल्फमधली मोठी स्पर्धा जिंकली. आपल्याकडे अली शेर दिल्लीत कॅडी (खेळाडूंची क्लबची पिशवी वाहणारे) होते, त्यांनी १९९१ आणि १९९३ची इंडियन ओपन जिंकली. गोल्फर एस. एस. पी. चौरसियांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळीची निगा राखायचे. मुलगा तिथेच बघून बघून शिकला आणि २०१६ आणि २०१७ला इंडियन ओपन जिंकला. मला या माणसांबद्दल अपार आदर आहे. पण ही माणसं लहानपणापासून मैदानावरच वाढली, चांगले हात रोज डोळ्यांसमोर होते. नाशिकमध्ये ते कुठून आणायचं? आपल्या गोल्फ क्लब मैदानाच्या नावात तेवढा गोल्फ उरलाय. तिथे रणजीचे सामने होतात आणि सकाळी अर्धं शहर चालायला येतं. (तिथे कोपऱ्यात क्लब फिरवायचा विचार कृपा करून करू नका. सुमारे ४६ ग्रॅमचा कडक चेंडू कोणाच्या डोक्याला लागला तर काय होईल?) आपल्याला सरावासाठी मुद्दाम गाडी काढून जावं लागतं. मिळणारे तास मोजके, म्हणून ते चुकीच्या सवयीवर घालवणं मला पटत नाही.

आता प्रो कोण, हे नीट विचारा. स्पर्धा खेळणारा प्रो आणि शिकवणारा प्रो ही दोन वेगळी कामं आहेत. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे का बघा, पण त्याहीपेक्षा त्यांना दुसऱ्या कोणाला तरी शिकवताना बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगणारा माणूस धरा. दर चेंडूला नवी सूचना देणाऱ्याकडे जाऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो. फीमध्ये चेंडूंच्या बादलीचे आणि मैदानाचे पैसे धरलेत का, तेही आधी विचारून घ्या. सुरुवातीलाच मोठं पॅकेज घेऊ नका. एक शिकवणी, मग दोन-तीन आठवडे त्याच एका गोष्टीचा सराव, मग पुढची. मोबाइलवर समोरून आणि मागून स्लो मोशन व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सरांना दाखवता येतो. पुण्या-मुंबईला कामानिमित्त जाणं होत असेल तर तिथल्या प्रोकडेही असं अंतराने शिकता येतं.

आणि पटिंग, म्हणजे हिरवळीवर चेंडू होलकडे हलकेच ढकलणं, शिकवा म्हणून स्वतःहून सांगा. पार ७२च्या, म्हणजे १८ होल ७२ फटक्यांत व्हावेत असं धरलेल्या कोर्सवर दर होलला पटिंगचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे ७२ पैकी ३६. तरी बहुतेकांची सगळी फी ड्रायव्हरवर, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबवर जाते. पटिंगचा सराव घरी फुकट होतो: सतरंजीवर पेला आडवा ठेवायचा. खरं होल १०८ मिलिमीटरचं असतं, पेल्याचं तोंड त्याहून अरुंद, त्यामुळे पुढे मैदानावर होल मोठं वाटतं.

वर्षातून दोनदा कंपनीच्या लोकांबरोबर मोकळ्या हवेत चार तास घालवायचे एवढंच हवं असेल, तर शिकवणी नको. तसं खेळण्यातही मजा आहे.

शेवटचं, क्लबचा पूर्ण सेट अजून घेतला नसेल तर थांबा. नियमाने १४ क्लब चालतात, म्हणून १४ लागतात असं नाही. सात नंबरची आयर्न (मधल्या अंतराचा क्लब), एक वेज (जवळून चेंडू उंच उचलणारा) आणि एक पटर (पटिंगचा), तेही जुने चालतील, एवढ्यावर सुरुवातीचे महिने निघतात. ड्रायव्हर सर सांगतील तेव्हा, त्यांच्यासमोर दोन-चार हातात धरून बघून घ्या.