मेम्ब्रेन फुगते तेव्हा: वाचकांचे प्रश्न

सल्फोनेटेड पीईईकेचे (सल्फोनिक आम्लगट जोडलेल्या प्लास्टिकचे) मेम्ब्रेन, म्हणजे प्रोटॉन पलीकडे नेणारा पातळ पडदा, खोलीच्या तापमानाला उत्तम चालते, पण 80 अंशांच्या पाण्यात लिबलिबीत होते. सल्फोनेशन कमी करू का?

फुगणे थांबेल, पण वाहकताही जाईल. सल्फोनिक गट पाणी धरतात आणि प्रोटॉन त्या पाण्यातूनच पुढे सरकतो. त्यापेक्षा पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींशी बांधा, म्हणजेच क्रॉसलिंक करा. थोडे डीएमएसओ (द्रावक) उरलेली फिल्म सुमारे 180 अंशांना तापवली, की साखळ्यांमध्ये सल्फोन पूल तयार होतात. त्यात काही सल्फोनिक गट खर्ची पडतात, म्हणून सुरुवातीचे सल्फोनेशन जरा चढेच ठेवा. एथिलीन ग्लायकॉलने बांधणे सोपे असते, पण ते एस्टर बंध गरम आम्लात सुटतात. मी त्या वाटेला जाणार नाही. आणि आधी फिल्म ओता, मगच बांधा. जाळे झाल्यावर पॉलिमर विरघळत नाही, मग ओतणार काय?

क्रॉसलिंकर (साखळ्या बांधणारा पदार्थ) वाढवला तर मेम्ब्रेन आणखी टिकेल ना?

एका मर्यादेपर्यंतच. पुढे ते ठिसूळ होते, वाळताना चिरते. व्हॅनेडियम फ्लो बॅटरीत घट्ट जाळे उपयोगी पडते, कारण व्हॅनेडियमचे आयन पलीकडे झिरपायला नको असतात. फ्युएल सेलमध्ये तेवढ्या घट्टपणाची गरज नसते. किती बांधले गेले ते अंदाजाने ठरवू नका: कोरडा तुकडा तोला, द्रावकात दिवसभर ठेवा, वाळवून पुन्हा तोला. उरलेले वजन म्हणजे बांधला गेलेला भाग.

नाफिऑन 117 या बाजारात मिळणाऱ्या मेम्ब्रेनच्या नावातला आकडा कशाचा?

11 म्हणजे समतुल्य भार (एक मोल सल्फोनिक गटांमागे पॉलिमरचे ग्रॅममधले वजन) 1100, 7 म्हणजे जाडी एका इंचाचे सात हजारांश, सुमारे 180 मायक्रॉन.

आमच्या अ‍ॅनायन मेम्ब्रेनची (हायड्रॉक्साइडसारखे ऋण आयन नेणाऱ्या) वाहकता दोन दिवसांत घसरली. अल्कलीने खाल्ले का?

घाईने निष्कर्ष काढू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड हायड्रॉक्साइडचे कार्बोनेट करतो आणि त्याची वाहकता कमी असते. ताज्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवा, नायट्रोजनखाली धुवा, मोजा. वाहकता परतली तर दोष हवेचा. नाही परतली, तर आयन-विनिमय क्षमता (आयन धरणाऱ्या गटांचे प्रमाण) टायट्रेशनने तपासा. तीही घटली असेल, तर हायड्रॉक्साइडने आयन धरणारे क्वाटर्नरी अमोनियम गट तोडले आहेत. क्षमता शाबूत, पण फिल्म हातात तुकडे होते, तर पॉलिमरच्या कण्यातले (मुख्य साखळीतले) ईथर बंध तुटले असण्याची शक्यता मोठी. पॉलिसल्फोनमध्ये हे वारंवार घडते. तिथे क्रॉसलिंकर वाढवून भागणार नाही. पॉली-अरिल-पिपरिडिनियमसारखा, ईथर नसलेला कणाच घ्यावा लागेल. पहिल्या दिवशीच्या वाहकतेचा आलेख कितीही देखणा असो, गरम अल्कलीत काही आठवडे काढलेल्या तुकड्याचाच आकडा माझ्या लेखी खरा.