शब्द खटकला की कथाच चुकली? मांगावाचकांच्या शंका

(उत्तरांमध्ये ‘फ्रीरेन’, ‘अटॅक ऑन टायटन’ आणि ‘वन पीस’ या मांगांमधले, म्हणजे जपानी चित्रकथांमधले, महत्त्वाचे उलगडे आले आहेत. वाचायचं बाकी असेल तर आधी ते वाचून घ्या.)

प्रश्न : ‘फ्रीरेन’मध्ये अउराला दिलेली शेवटची आज्ञा जपानीत जुन्या वळणाची आहे, असं म्हणतात. इंग्रजीत ती अगदी साधी वाटते. मराठीत काय म्हणावं? शिवाय पाचशे वर्षं जगलेल्या राक्षसीला समोरचीचं बळ ओळखता येऊ नये, हे पटत नाही.

आधी शब्द. कथेची नायिका, दीर्घायुषी एल्फ जादूगार फ्रीरेन, तिथे ‘जिगाई’ म्हणते. रोजच्या जपानीत आणि बातम्यांत आत्महत्येला ‘जिसात्सु’ म्हणतात. ‘जि’ म्हणजे स्वतः, ‘सात्सु’ म्हणजे मारणं. ‘जिगाई’मधल्या ‘गाई’चा अर्थ इजा, घात. हा शब्द सरदार-दरकदारांच्या कथांतला, शस्त्राने स्वतःचा शेवट करून घेणाऱ्यांसाठी वापरलेला. इंग्रजीला हा फरक एका शब्दात दाखवायला जागा नाही. मराठीत मात्र ही जोडी तयारच आहे : जिसात्सु म्हणजे आत्महत्या, जिगाई म्हणजे आत्मघात. घटक शब्दसुद्धा एकास एक जुळतात. ‘जीव दे’ इथे चालणार नाही. जीव विहिरीतही देतात आणि कुणासाठी तरीही देतात, त्यामुळे आज्ञेची धार जाते. अउराच्या हातात तलवार आहे, म्हणून ‘अउरा, आत्मघात कर’ हेच नेमकं.

आता तर्क. अउराचा तराजू दोघांची जादूशक्ती तोलतो आणि जिची जास्त, तिच्या हुकमात दुसरी जाते. तराजू खरं वजन दाखवतो. चूक झाली ती अउराच्या डोळ्यांची. फ्रीरेनने गुरू फ्लामेच्या शिकवणीप्रमाणे आपल्या शक्तीचा बाहेर दिसणारा ओघ हजार वर्षं दाबून ठेवला आहे, तोही जरासुद्धा न हलता. राक्षसांमध्ये शक्ती म्हणजेच दर्जा. ती लपवायची म्हणजे स्वतःहून पायरी उतरायची, आणि तसं कुणी जन्मभर करील हे त्यांच्या कल्पनेतच बसत नाही. म्हणून अउरा निर्धास्तपणे तराजू काढते.

‘मग फ्रीरेनने मनाच्या जोरावर विरोध केला असता तर?’ असाही वाद घातला जातो. तीही वाट लेखकाने बंद केली आहे. कणखर मनाचा माणूस काही काळ हुकूम झुगारू शकतो, म्हणूनच अउरा आपल्या ताब्यातल्यांची मुंडकी उडवून बिनडोक्याचं सैन्य ठेवते. ‘दांतोदाई’ म्हणजे शिरच्छेदाचा मंच, हे तिचं बिरुद त्यातूनच आलं. कथेची बाजू थोडी लंगडी पडते ती दुसऱ्याच ठिकाणी. ऐंशी वर्षांपूर्वी याच फ्रीरेनने तिचं सैन्य उडवून लावलं होतं, तरी अउरा दिसणाऱ्या ओघावरच विसंबते. आमच्या मते हा तिच्या घमेंडीचा भाग म्हणून खपतो, पण वाचकाला टोचलं तर त्याची चूक नाही.

प्रश्न : त्याच मालिकेत राक्षसाचं पोर ‘आई’ म्हणून हाक मारतं. राक्षसांना कुटुंबच नाही, तर हा शब्द आला कुठून?

प्रसंगाचा सगळा गाभा हाच आहे. त्या पोराला अर्थ ठाऊक नाही, परिणाम ठाऊक आहे : हा शब्द उच्चारला की माणसाचा हात थबकतो. म्हणजे विसंगती नाही. पण मराठीत आणताना एक खड्डा आहे. ‘आई गं!’ लिहिलंत तर गेलं सगळं, कारण आपण ठेच लागली तरी ‘आई गं’ म्हणतो. वाचक ते कळवळणं समजेल, हाक नव्हे. ‘आई… आई…’ असंच लिहा.

प्रश्न : ‘अटॅक ऑन टायटन’ या नावाचा कथेशी मेळ बसत नाही. टायटनवर हल्ला कोण करतं?

मूळ नाव ‘शिंगेकी नो क्योजिन’. शिंगेकी म्हणजे चाल करून जाणं, क्योजिन म्हणजे महाकाय माणूस. जपानी नामाला एकवचन-अनेकवचन नसतं, त्यामुळे २००९ पासून वाचणाऱ्यांनी ‘चाल करून येणारे महाकाय’ असा अर्थ धरला. ८८व्या प्रकरणात कळतं की हे एकाच विशिष्ट महाकायाचं नाव आहे. तिथे इंग्रजीला ‘अटॅक टायटन’ असं वेगळं नाव करावं लागलं आणि शीर्षकाशी असलेला धागा निम्मा तुटला. दोष केवळ भाषांतरकाराच्या माथी मारू नये, कारण ते इंग्रजी नाव जपानी मुखपृष्ठावरही छापलेलं आहे.

मराठीत ‘येणारा’ किंवा ‘येणारे’ लिहिलं की रहस्य पहिल्याच दिवशी फुटतं किंवा वाचकाची दिशाभूल होते. ‘चढाईचा’, ‘चढाईचे’ यांचीही तीच गत. ‘आक्रमक महाकाय’ करून पाहा. ‘आक्रमक’ला वचनाचा विकार होत नाही आणि ‘महाकाय’ दोन्ही वचनांत तसाच राहतो. मूळ नावाइतकंच ते मोघम राहतं, आणि इथे मोघमपणाच हवा आहे.

प्रश्न : त्याच कथेतल्या हांगेचं लिंग मांगात सांगितलेलं नाही. मराठीत हे जमेल का?

जमेल, पण वाक्य जपून बांधावं लागेल. ‘मी आलो’, ‘मी आले’, ‘मी बघतोय’, ‘मी बघतेय’ यांत लिंग उघडं पडतं. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं : ‘मी टायटन पाहिला’, ‘मी पत्र वाचलं’. भविष्यकाळात ‘मी येईन’. अडलंच तर ‘मला यावं लागलं’. इतरांच्या तोंडी ‘तो’ किंवा ‘ती’ऐवजी नाव किंवा हुद्दा घाला. दहा पानं अशी लिहून मोठ्याने वाचा, कुठे अवघडल्यासारखं होतंय ते लगेच कळतं.

प्रश्न : ‘वन पीस’मधलं बेट ‘राफ्टेल’ की ‘लाफ टेल’?

लाफ टेल. जपानीत र आणि ल यांना एकच ध्वनी आहे, म्हणून ‘राफुतेरु’ या अक्षरांवरून कुणालाच खात्री देता येत नव्हती. २०२० साली ९६७व्या प्रकरणात चाच्यांचा राजा रॉजर तिथे पोचतो, पोट धरून हसतो आणि त्यावरून बेटाला नाव देतो. तोवरची ‘राफ्टेल’ ही निव्वळ अटकळ होती.

प्रश्न : जपानी येत नसताना मूळ शब्द तपासायचा कसा?

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिप्या शिका. प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं आहेत, रोज पाच केली तर तीन आठवड्यांत होतात. मुलांसाठीच्या मांगात कांजीच्या, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थवाहक चिन्हांच्या, बाजूला बारीक हिरागानात उच्चार छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. तो जपानी शब्दकोशात टाकला की शब्द सापडतो. एकाच उच्चाराचे पाच-सहा शब्द निघतील, तेव्हा कांजी चित्रासारखी जुळवून पाहायची. ही पायरी गाळल्यामुळेच बहुतेक चुकीचे ‘शोध’ लागतात.

एक खास सावधगिरी : कधीकधी फुरिगाना मुद्दाम वेगळा असतो. ‘जोजो’ या मांगात कांजीचा अर्थ ‘भुताची लहर’ असा आहे आणि बाजूला उच्चार छापलाय ‘स्तान्दो’, म्हणजे स्टँड. लेखकाला दोन्ही अर्थ हवे आहेत, भाषांतरात मात्र एकच उरतो. शेवटी संवादाच्या फुग्यात कर्ता आहे का ते बघा. जपानीत तो सर्रास गाळतात, आणि ‘हा असं का बोलला?’ म्हणून वाद घालावा, तर ते वाक्य तिसऱ्याच पात्राबद्दल निघतं.