आधी निस्तार, मग विक्री

पोरी,

गावाच्या वन व्यवस्थापन समितीत तुझं नाव आलं, फार बरं वाटलं. पण फोनवर तू पहिलाच प्रश्न विचारलास की यंदा किती बांबू विकता येईल, तो डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

विक्रीच्या आधी निस्तार, म्हणजे घरच्या वापराचं बघ गं. छपराला, कुंपणाला, टोपल्या-सुपांना कोणाला किती बांबू लागतो, सरपणाला बाया किती लांब जातात, मोह कोण कुठला वेचतं हे घरोघरी जाऊन वहीत लिही. ज्यांना शेत नाही त्यांच्याकडे आधी जा, सभेत ते गप्प असतात आणि जंगलावर सगळ्यात जास्त तेच जगतात.

मग बांबूची बेटं मोज. तीन वर्षांच्या आतला बांबू तोडायचा नाही, नवे बांबू बेटाच्या बाहेरच्या अंगाला येतात ते राखायचे आणि आतले जुने काढायचे, तेही जमिनीलगतच्या पेरावरून, आणि पावसाळ्यात कोयता लावायचाच नाही कारण तेव्हाच वास्ते, म्हणजे बांबूचे नवे कोंब फुटतात. मी तरुण असताना एका ठेकेदाराच्या माणसांनी हाताला येईल ते, म्हणजे बाहेरचं कोवळं सगळं तोडून नेलं, आतलं जुनं गुंतून पडलं आणि पुढची कित्येक वर्षं आमच्या बुरडांना टोपलीपुरता धड बांबू मिळेना. ते मला अजून सलतं.

2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणाऱ्या जंगलातल्या मालात आला, पण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळूनही बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात यायला 2011 उजाडलं, तेव्हा कागद आत्तापासून नीट ठेव. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचंही बघून ये. विडीच्या तेंदूपानांसाठी झुडपं छाटावी लागतात, आगी लागतात, म्हणून त्यांच्या ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं, हातात येणारा पैसा सोडून! तुम्हीही तेच करा असं नाही म्हणत, पण सभेत हा विषय निघालाच पाहिजे.

आणि मोहाखालचा पाला जाळू देऊ नको, वणवा तिथूनच पेटतो. झाडून बाजूला करा, फुलं वेचायला जुन्या साड्या अंथरा.

दिवाळीनंतर येतो, बेटं मोजायला सोबतच जाऊ. खुणेला चुना मी आणतो, वही तू घे.

तुझा काका