मतदानाचा पाठ पहिल्यांदा घेताना

आपण नववीच्या वर्गाला मतदानाचा हक्क शिकवणार आहात, हे वाचून आनंद झाला. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी नीट करा.

प्रौढ मतदानाचा हक्क देणारे संविधानाचे कलम ३२६ पाठ करून घेण्याआधी, पूर्वी मतदानाचे वय २१ होते आणि ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये ते १८ झाले, एवढेच सांगून 'हा बदल योग्य होता का?' असे विचारा. वर्ग आपोआप बोलू लागतो.

मग वर्गातच निवडणूक घ्या. विषय सहलीच्या ठिकाणासारखा साधा असावा, पक्षांची नावे अजिबात नकोत. येथे नवे शिक्षक हमखास एक चूक करतात (मीही केली होती): वेळ वाचावा म्हणून हात वर करायला सांगतात, आणि मुले मित्राकडे पाहून हात उचलतात. पुठ्ठ्याचे खोके, चिठ्ठ्या, मतदारयादी आणि बोटाला शाई एवढे पुरे. एक-दोन मुलांना आधी विश्वासात घेऊन त्यांची नावे यादीतून वगळा. ओळखपत्र हाती असूनही यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, हे त्या क्षणी जितके पटते तितके व्याख्यानाने पटत नाही.

बारावीच्या मुलांना मात्र एक गोष्ट अवश्य सांगा: सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर नमुना ६ (मतदारयादीत नाव नोंदवण्याचा अर्ज) आगाऊ भरता येतो.

मतदारसंघांची फेररचना वगैरे पुढच्या वर्षी पाहू.