दुसऱ्या महिन्यात थायरॉईडची गोळी वाढवली, बाळाला सोसेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दुसरा महिना चालू आहे, टीएसएच (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) ५.८ आला, डॉक्टरांनी गोळी ५० मायक्रोग्रॅमची ७५ केली आणि सासूबाईंना वाटतंय की एवढं औषध पोटातल्या बाळाला सोसणार नाही. सोसेल. काळजी करायची ती गोळी कमी पडली तर.

मला लग्नाआधीपासून थायरॉईड आहे, दोन्ही बाळंतपणं पुण्यातच झाली, गोळी चालू ठेवूनच. आपली ग्रंथी जे हार्मोन बनवते, तेच या गोळीत असतं. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नाही, त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईकडूनच जातं. म्हणून दिवस राहिले की डोस वाढतो. आजार बळावला असा त्याचा अर्थ नाही. टीएसएच २.५ च्या आत ठेवायचा असतो. साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत दर ४ आठवड्यांनी रक्त तपासतात, मग तिसाव्याच्या सुमारास एकदा.

खरा घोळ होतो तो लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे. त्या थायरॉईडची गोळी नीट शोषू देत नाहीत, मधे ४ तास हवेतच. आमच्याकडे पहाटे नळाला पाणी यायचं. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी, मग पिंप-कळश्या भरून ओटा आवरेपर्यंत तास जायचा, तेव्हा कुठे चहा. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर, लोहाची रात्री. सकाळी उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर रात्री जेवणानंतर ३ तासांनी घेता येते. मग लोहाची वेळ बदलावी लागेल, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

हल्ली बऱ्याच घरांत रोजच्या स्वयंपाकाला सैंधव वापरतात. त्यात आयोडीन नगण्य असतं, तेव्हा सध्या साधं आयोडीनयुक्त मीठच वापरा. आणि कुणी काढा सुचवला तरी त्यापायी गोळी एक दिवसही बंद करू नका, अगदी कळकळीने सांगते.

सासूबाईंना पुढच्या वेळी तपासणीला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की आमच्या आईंसारखा त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

बाळंतपणानंतर डोस बहुधा पूर्वीइतकाच होतो, ६ आठवड्यांनी टीएसएच करायचा. अंगावर पाजताना गोळी चालते. बाळाचा टीएसएच जन्मानंतर दोन-तीन दिवसांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासतात. सगळीकडे ही तपासणी आपणहून होतेच असं नाही, म्हणून घरी येण्याआधी आठवणीने विचारा.