डायपर बदलायला घेतलं की बाळ पालथं होऊन पळतं

"दिवसातून सहा-सात वेळा हीच झटापट. आडवा केला की हा पालथा, पालथा झाला की रांगत पसार. परवा शीने माखलेला तसाच गादीभर फिरला आणि माझा हात उठला. मांडीवर चापट बसली. तो रडला, मग मीही रडत बसले. सासूबाई म्हणतात, पोरगं हट्टी निघालंय. खरंच हट्टी आहे का हो तो? की माझंच काही चुकतंय?"

साडेनऊ महिन्यांच्या मुलाची आई सांगत होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बाळ रांगायला लागल्यापासून ते दीड वर्षाचं होईपर्यंत हा प्रश्न घरोघरी असतो, म्हणून तिच्याशी जे बोलणं झालं ते इथे सविस्तर देत आहोत.

हट्टाचं आधी. साडेनऊ महिन्यांचं बाळ आईला त्रास द्यायचा म्हणून पळत नाही. तेवढा बेत आखण्याची त्याच्या मेंदूची तयारीच नसते. चार-सहा महिन्यांत बाळ पालथं व्हायला शिकतं, पुढे रांगतं, नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास धरून उभं राहायला लागतं. नवं आलेलं काम दिवसभर करून बघायचं, हा त्याचा एकच उद्योग. त्यातच त्याला उताणं केलं की हात-पाय हवेत, खेळणं दिसेनासं, समोर नुसतं छत. ते उलटणारच. बहुतेक वेळा आपण मागून येऊन, खेळ अर्धा असताना, एक शब्द न बोलता त्याला उचललेलं असतं. या आईनेही मान्य केलं, "वास आला की मी पटकन उचलते."

तरी सवयीवर बोलण्याआधी आम्ही दुखण्याचे प्रश्न विचारले, कारण काही बाळं दुखतं म्हणून वळवळतात. ढुंगण किंवा जांघ लाल आहे का? लाल कातडीवर सुगंधी वाइप चरचरतो. डिसेंबरच्या पहाटे गार वाइप लावला तरी बाळ अंग चोरतं. दूध पिऊन लगेच आडवं करता का? पोट भरलेलं असताना पाय वर दुमडले की दूध वर येतं. म्हणून पाजण्याआधी बदलावं, नाहीतर मध्ये वीस-तीस मिनिटं जाऊ द्यावीत. या बाळाच्या जांघेत लाली होती. शी आणि शू एकत्र राहिली की कातडीची आम्लता बिघडते, शीमधली पाचक द्रव्यं तिला खातात, आणि मग पुसणं म्हणजे आगच. झटापटीमुळे बदलायला उशीर, उशिरामुळे लाली, लालीमुळे जास्त झटापट: त्यांच्या घरात हे चक्र सुरू होतं.

म्हणून पहिले चार दिवस वाइप बंद. शी झाली की न्हाणीत नेऊन कोमट पाण्याने धुवायचं. सासूबाईंची पद्धत इथे उत्तम होती: बाळ डाव्या हातावर पालथं, छाती मनगटाकडे, त्या हाताने त्याचा दंड धरलेला, उजव्या हाताने पाणी. पाणी आधी मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून बघायचं. गिझरच्या नळाखाली बाळ थेट धरायचं नाही. मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. पाच मिनिटं उघडं ठेवायचं, मग लाल जागेवर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर. ओल्या कातडीवर मलम लावलं तर ओल आतच कोंडते. पावडर नको, ती उडून श्वासात जाते. तीन दिवसांत लाली कमी झाली नाही, घड्यांत लालभडक होऊन कडेने बारीक पुरळ उठलं, फोड किंवा पू दिसला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. बुरशी असेल तर नुसत्या झिंकने ती जात नाही.

आता बदलण्याचं काम. खरी गोम तयारीत आहे. बाळ आडवं केल्यावर वाइपचं पाकीट शोधलं, टोपण उघडलं, पिशवीसाठी हाक मारली की दोन-तीन मिनिटं जातात, आणि या वयाच्या बाळाकडे तेवढी नसतात. जागा जमिनीवरची: सतरंजी, त्यावर रबरी शीट, वर दुपटं. पलंगावर नको. वळणारं बाळ डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात खाली येतं. बाळाला आणायच्या आधीच नवा डायपर उलगडून त्याच्या मांडीच्या झालरी बोटांनी बाहेर काढलेल्या, चार-पाच ओली फडकी वाटीत, एक कोरडं, मलमाचं टोपण उघडं, कागद किंवा पिशवी उजव्या हाताला. सगळं तुमच्या हाताशी, बाळाच्या नाही.

मग बाळासमोर बसून त्याला डायपर दाखवायचा आणि दर वेळी तेच शब्द: "चला, लंगोट बदलू." हातातलं खेळणं हिसकावायचं नाही, ते सोबत येऊ दे. स्वच्छ डायपर त्यालाच धरायला दिला तरी चालतो. शिवाय दोन-तीन वस्तू फक्त या वेळेसाठी राखून ठेवायच्या: स्टीलची वाटी-चमचा, मोठा लाकडी खुळखुळा. तीन-चार दिवसांनी त्या बदलायच्या, नाहीतर नवेपण संपतं. मलमाची ट्यूब किंवा तोंडात पूर्ण मावेल अशी कुठलीही वस्तू द्यायची नाही. मोबाइल आम्ही सुचवत नाही. एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनाही सांगतात.

नुसती शू असेल तर आडवं करायचंच कशाला? बाळाला सोफ्याच्या कडेला किंवा जड स्टुलाला धरून उभं करायचं, तुम्ही मागे गुडघ्यांवर. पँट डायपरच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून तो पायांमधून काढायचा. पुढून मागे पुसायचं. मुलींच्या बाबतीत तर हे चुकवायचंच नाही. नवा घालताना आपला हात डायपरच्या पायाच्या भोकातून खालून वर घालायचा, बाळाचं पाऊल पकडायचं आणि पाऊल नाही, डायपर वर ओढायचा. एक पाय झाला की दुसरा. कंबरेत दोन बोटं जातील इतकीच सैल ठेवायची. मुलाची शूची जागा खालच्या दिशेला हवी. वर राहिली की पोटावरून गळतं. झालर आत दुमडली असेल तर मांडीतून. "कितीही महाग डायपर आणला तरी गळतोच" या तक्रारीमागे बरेचदा या दोनपैकी एक गोष्ट असते.

शी असेल तर मात्र आडवंच. जुना डायपर ओढून काढायचा नाही. त्याच्या पुढच्या भागानेच बरीचशी शी पुसून तो तसाच ढुंगणाखाली दुमडायचा, स्वच्छ बाजू वर. बाळ उलटलं तर उलटू द्या, पालथ्यावरही पुसता येतं. छाती दाबून धरू नका, घोटे ओढून कंबर उंच उचलू नका. पाय पोटाकडे दुमडून किंचित कुशीवर वळवलं की पुरतं. आमच्या मते हा भाग शिकायला सगळ्यात अवघड आहे, कारण हात आपोआप जोर लावतात.

चापटीबद्दल ती पुन्हा पुन्हा बोलत होती. आम्ही तिला सांगितलं: राग चढतोय असं वाटलं की बाळाला जमिनीवर सोडा, पाऊलभर मागे सरका, चार श्वास घ्या. शीच्या डायपरात दोन मिनिटं जास्त गेल्याने बाळाचं काही बिघडत नाही. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला सकाळी सातला धीर कुठून येणार? म्हणून सकाळचा पहिला आणि रात्रीचा शेवटचा डायपर नवऱ्याने बदलायचा असं दोघांसमोर ठरलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटलं, रडू आवरेना, तर डॉक्टरांशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक चोवीस तास चालतो, हेही सांगितलं.

आणखी एक तपासणी आम्ही कधी गाळत नाही. पाय फाकवताना बाळ दर वेळी किंचाळतं का, एक पाय कमी हलतो का, पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येतात का? असं असेल तर ते वळवळणं नाही, आधी डॉक्टर. इथे तसं काही नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा जांघ बरी झाली होती. शूचे डायपर उभ्यानेच होत होते. शीच्या वेळी तो अजूनही पालथा होतो, पण ती आता पालथ्यावरच पुसते. नवा प्रश्न वेगळाच होता: तो स्वतःच डायपर ओढून काढतो. त्याला उपाय सोपा, वरून घट्टसर सुती चड्डी.